आजीचे शुद्धलेखन

आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती, आणि मी गेली अठरा वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. तरीही भाषेच्या व्यवहारात आम्हां दोघांपैकी कर्जदार कोण, असे कुणी विचारले तर मला मान खाली घालावी लागेल.

आजी २०१९ साली, दिवाळीच्या तोंडावर गेली. तिचे नेमके वय कुणालाच ठाऊक नव्हते. "गांधीबाबा गेला तवा माझं लगीन हून चार वर्सं झाली हुती," एवढाच तिचा हिशेब. म्हणजे नव्वदीच्या आसपास असावी. सारा जन्म माण तालुक्यात गेला. पावसाने पाठ फिरवलेला हा मुलूख. बाजरीची भाकरी आणि हुलग्याचे माडगे हेच तिथले पक्वान्न!

१९७२ च्या दुष्काळात माणगंगा कोरडी पडली. वडील तेव्हा साताऱ्याला शिकत होते. त्यांना न कळवता आजी सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. तिथे मिळणारी सुकडी पदरात बांधून धाकट्या मुलांसाठी आणी, आणि मजुरीतून मनिऑर्डर करी. तिच्या डाव्या अंगठ्याचे नख हातोडीने कायमचे चेपले होते. लहानपणी मी विचारले, "आजी, हे काय गं?" ती हसून म्हणाली, "ही व्हय? ही तुझ्या बापाची फी!"

अशा बाईला मी एकदा शुद्ध बोलायला शिकवले. पाचवीत होतो. शहरातल्या आमच्या घरी माझे मित्र जमले होते, आणि गावाहून आलेली आजी कौतुकाने म्हणाली, "पोरांनू, पानी देऊ का?" मित्र हसले. मी कान तापवून ओरडलो, "पानी नव्हे, पाणी!" आजीही हसली. पण त्यानंतर परके माणूस आले, की ती न बोलता तांब्या पुढे ठेवी.

पुढे कॉलेजात व्यंकटेश माडगूळकरांचे १९४९ साली निघालेले 'माणदेशी माणसं' हाती पडले आणि मी चपापलो. आमच्या घरची बोली इथे छापून आली होती, आणि प्राध्यापक तिची वाखाणणी करीत होते! सुटीत गावी धावलो आणि म्हणालो, "आजी, जात्यावरच्या ओव्या सांग. मी लिहून घेतो." ती ओशाळून म्हणाली, "नगं रं बाबा. माझं अशुद्ध हाय."

'अशुद्ध' हा शब्द तिला मीच शिकवला होता.

काही वर्षांनी बहिणीच्या लग्नाची हळद दळायला बायका जात्यापाशी बसल्या, तेव्हा मात्र तिचे सारे भान हरपले. ती गात राहिली. दाराआड बसून मी अकरा ओव्या उतरवल्या. जिथे ती 'पानी' म्हणाली, तिथे 'पानी'च लिहिले. नंतर तिला वाचून दाखवल्या. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "चुकलं न्हाई ना कुठं?"

"नाही आजी," मी म्हणालो, "एकही नाही."

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत 'पानी' आले, तर नियमाप्रमाणे मला आजही खूण करावी लागते. पण त्या मुलाला मी बोलावून घेतो आणि सांगतो, "पेपरात 'पाणी' लिही बाबा. घरी आजीला मात्र दुरुस्त करू नकोस."