कोणते पान किती वेळा उघडले?

मी कवितेचा माणूस. भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीपर्यंतचा. पुढे बी.ए. झालो आणि प्रयोगशाळेच्या वासाला कायमचा मुकलो. तरीही आज त्या शास्त्राविषयी, खरे तर त्याच्या वाचकांविषयी, थोडे बोलणार आहे.

विकिपीडिया हा इंटरनेटवरचा ज्ञानकोश आपण सगळेच चाळतो. पण त्याचे एक हिशेबाचे दप्तरही आहे आणि ते सर्वांना खुले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कोणते पान कोणत्या दिवशी किती वेळा उघडले, हे जुलै २०१५ पासून कुणालाही पाहता येते. गुरुत्वाकर्षण, कृष्णविवर, आइन्स्टाइन, ज्याची हवी त्याची कुंडली मांडा. मला हा नाद लागला आणि रात्रीची झोप अर्ध्या तासाने कमी झाली.

या आकड्यांत पहिली गोष्ट दिसते ती ही, की शास्त्राकडे माणसे सहसा शास्त्राच्या वाटेने येत नाहीत. २०२३ चे उदाहरण घ्या. वर्ष संपत आले तेव्हा विकिमीडिया फाउंडेशनने इंग्रजी विकिपीडियावरच्या सर्वाधिक वाचलेल्या पानांची यादी जाहीर केली. पहिला होता चॅटजीपीटी. तिसऱ्या आणि चौथ्या जागी क्रिकेटचा विश्वचषक आणि आयपीएल. पाचव्या जागी ‘ओपनहायमर’ हा चित्रपट. आणि सातव्या जागी स्वतः रॉबर्ट ओपनहायमर, अडीच कोटींहून अधिक वेळा उघडलेले. अणुबॉम्बच्या प्रकल्पाची प्रयोगशाळा चालवणारा, १९६७ मध्ये वारलेला हा शास्त्रज्ञ सिनेमाचे बोट धरून यादीत आला. मृत्यूचेही तसेच. १४ मार्च २०१८ रोजी स्टीफन हॉकिंग गेले आणि त्यांच्या पानावर झुंबड उडाली. कवींचेही असेच होते म्हणा. आमचा संग्रह शोधायला माणसे येतात ती श्रद्धांजलीच्या दुसऱ्या दिवशी.

माझी भाची ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तिला मी मोठ्या उत्साहाने हे सांगितले, तर ती म्हणाली, “मामू, सिनेमाचं सोडा. आमच्या धड्यांची पानं बघा, ती नोकरदारांसारखी वागतात.” पाहिले, तर खरेच! अभ्यासक्रमातल्या विषयांचे आकडे शनिवार-रविवारी खाली बसतात, सोमवारी उठतात, नाताळच्या सुट्टीत झोपतात. आकड्यांत उंच शिखर नसते, पण वर्षानुवर्षांचा नेम असतो. कुतूहलाने वाचणारा कोण आणि उद्याच्या परीक्षेच्या धाकाने वाचणारा कोण, हे आकड्याला कळत नाही. त्याच्या लेखी दोघे सारखेच.

आणखीही बरेच त्याला कळत नाही. एकाच माणसाने एक पान दहा वेळा उघडले तर दहा मोजले जातात, कारण मोजतात ते पान उघडणे, माणूस नव्हे. एकाच विषयाला दोन-तीन नावे असतील तर प्रत्येक नावाने आलेल्यांचा हिशेब वेगळा राहतो. तो आपण जुळवला नाही तर विषय उगाच गरीब दिसतो. शिवाय यंत्रेही पाने उघडतात. कुणी लिहून ठेवलेला संगणकाचा प्रोग्राम एखादे पान हजारो वेळा उघडून त्याला वरच्या रांगेत नेऊन बसवू शकतो. असे होऊ लागले म्हणून २०२० पासून विकिपीडियाने अशी यंत्रवत भेट माणसाच्या भेटीपासून निराळी काढायला सुरुवात केली. मुशायऱ्यात भाड्याने आणलेली दाद ओळखून वजा करण्यासारखेच हे काम. आमच्याकडे ते अजून कुणी हाती घेतलेले नाही.

बरे, हे झाले वाचकांचे. खुद्द शास्त्रज्ञांत कोणता विषय लोकप्रिय? २००६ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्ट इथे मायकेल बँक्स नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने तेही मोजले. एखाद्या विषयावरच्या शोधनिबंधांचा इतर निबंधांत किती उल्लेख होतो आणि तो विषय किती वर्षे जुना आहे, यावरून त्याने क्रम लावला. पहिली आली कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अणूंची अतिसूक्ष्म नळी. दुसरी नॅनोवायर. चहाच्या टपरीवर कृष्णविवराची गोष्ट निघालेली मी ऐकली आहे, नॅनोट्यूबची कधीच नाही.

इथवर सगळे गमतीचे. पण अशा याद्यांवरून कुणी उद्या ठरवू लागले की पैसा कुठे द्यायचा, विद्यार्थ्याने कशावर प्रबंध लिहायचा, तर? मला सी. व्ही. विश्वेश्वरा आठवतात. हे आपले भारतीय शास्त्रज्ञ. १९७० मध्ये त्यांनी गणिताने दाखवले की कृष्णविवराला धक्का बसला तर ते घंटेसारखे निनादते आणि तो नाद विशिष्ट रीतीने विरत जातो. हा नाद म्हणजे गुरुत्वीय लहरी. त्या वेळी ‘ब्लॅक होल’ हे नाव रूढ होऊन जेमतेम दोन-तीन वर्षे झाली होती. कृष्णविवरे खरोखर असतात का, याचीच खात्री नव्हती. त्या साली लोकप्रियतेची यादी कुणी काढली असती, तर हा निनाद तिच्या तळालाही सापडला नसता. पुढे १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांना दोन कृष्णविवरांच्या मीलनाच्या लहरी सापडल्या आणि लहरींच्या शेपटाला तो विरत जाणारा नाद होता. पंचेचाळीस वर्षांनी. ११ फेब्रुवारी २०१६ ला ही बातमी जाहीर झाली, तेव्हा विश्वेश्वरा हयात होते. पुढच्याच वर्षी जानेवारीत ते गेले.

तशीच एक वेधशाळा आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. एकमेकींशी काटकोनात, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. भाचीच्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, “मॅडम, तिथे नोकरी लागायला काय शिकावं लागतं?” तिने फळ्यावर तीन विषय लिहून दिले. ते किती लोक वाचतात, हे त्याने विचारले नाही.