शांत गावाची चौकशी

अलीकडे वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत एक प्रकार चांगलाच रूढ झाला आहे. शहरातला कोणी सुशिक्षित गृहस्थ सुट्टी काढून एखाद्या खेड्यात जातो, दोन दिवस राहतो आणि परत येऊन लिहितो की, गाव किती शांत आहे! पार, पिंपळ, मारुतीचे देऊळ, चुलीवरची कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत. कोणी कृषी पर्यटनाच्या निमित्ताने सातपुड्याच्या पायथ्याशी केळीच्या बागेत मुक्काम करतो. ज्याच्या खिशात जास्त पैसा, तो युरोपात बाल्कनच्या डोंगरातले खेडे गाठतो. लेख मात्र दोघांचा एकच असतो. गाव शांत, माणसे प्रेमळ, काळ थांबलेला. काळ थांबलेला आहे हे खरे, पण तो कोणासाठी थांबवून ठेवला आहे, हा प्रश्न या लेखकांना पडत नाही. ज्या घरात जेवण झाले त्या घराच्या ओट्यावरून जेवढे दिसते, तेवढेच गाव ते पाहतात.

आमच्या खानदेशातही एक प्रवासी आगगाडीने येऊन एका खेड्यात उतरला होता. साल १९२९. तो गावाचे सौंदर्य पाहायला आलेला नव्हता, गावाची चौकशी करायला आला होता. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासण्यासाठी मुंबई सरकारने १९२८ मध्ये ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते आणि खानदेशचे दोन जिल्हे त्यांच्या व आणखी एका सदस्याच्या वाट्याला आले होते. काम आटोपून बाबासाहेब मुंबईला परत निघाले, पण वाटेत चाळीसगावला उतरले. कारण धुळ्याच्या फाट्यावरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकल्याची तक्रार होती. ते धुळ्याच्या गाडीत बसले, त्या गावी गेले, परिस्थिती समजून घेतली आणि पुढच्या गाडीने चाळीसगावला परतले.

त्या गावाचे नाव बाबासाहेबांनी लिहिलेले नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या आत्मकथनात हा प्रसंग आहे, पण गाव निनावी आहे. चाळीसगाव-धुळे ही १९०० साली सुरू झालेली जेमतेम ५५-५६ किलोमीटरची शाखा. जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर अशी तिच्यावरची लहान लहान स्टेशने. कोर्टाच्या कामासाठी या मार्गाने जाताना मी खिडकीतून प्रत्येक गाव पाहतो. कापूस, दादर, लिंबाची झाडे, लांबवर देवळाचा कळस. प्रत्येक गाव शांत दिसते. यातले कोणते ते गाव असेल? खरे म्हणजे हा प्रश्नच निरर्थक आहे. कोणतेही असू शकते, म्हणून तर ते निनावी राहिले तरी काही बिघडत नाही.

पुढची हकिगत बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. चाळीसगावच्या आपल्या माणसांनी आग्रह केला म्हणून बाबासाहेब रात्री महारवाड्यात मुक्कामाला थांबणार होते. स्टेशनावर हार घातले गेले. बाहेर टांगे उभे होते. तरीही तासभर कोणी हलेना. तासाभराने टांगा आला. हाकणारा इतका नवखा की, दोनशे पावलांवरच एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या फरशीवर वळण घेताना घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासह नदीत गेला. पायाचे हाड मोडले. नंतर उलगडा झाला की, एकही टांगेवाला अस्पृश्य उतारूला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. आपला साहेब पायी चालत यावा हे आपल्या माणसांना सहन होईना. शेवटी तडजोड झाली. टांगा भाड्याने मिळेल, टांगेवाला बसणार नाही. मग आपल्यातल्याच एकाने, ज्याने कधी लगाम धरला नव्हता, टांगा हाकला.

वकिली नजरेने पाहिले तर या तडजोडीचा जुना दाखला त्याच आत्मकथनात सापडतो. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला कोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर गाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर बैलगाडी मिळाली. गाडीवाला बाजूने पायी चालला. १९०१ मध्ये नऊ-दहा वर्षांचे पोर आणि १९२९ मध्ये बॅरिस्टर, सरकारी समितीचा सदस्य. मधल्या २८ वर्षांत उतारूची पदवी बदलली, अट तीच राहिली! पैसे घेऊ, तुमच्याबरोबर बसणार नाही. आणि लक्षात घ्या, या दोन्ही प्रसंगांत कोणी शिवी दिली नाही, काठी उगारली नाही. मसूरला काय, चाळीसगावला काय, स्टेशनात शांतताच होती.

माझा मुद्दा या शांततेपाशीच आहे. मारहाण झाली तर आवाज होतो, रक्त दिसते, डॉक्टरचा दाखला मिळतो. बहिष्काराचे तसे नाही. बहिष्कार म्हणजे काही तरी करणे नव्हे, काही तरी न करणे. दुकानदार माल देत नाही, गिरणीवाला दळत नाही, शेतमालक कामाला बोलावत नाही, वाटेवर काट्या पडतात. स्टार्ट समितीने आपल्या अहवालात अस्पृश्यांना दडपण्याचे सर्वांत परिणामकारक हत्यार म्हणून या बहिष्काराचीच नोंद केली. कारणे काय तर कोणी जमीन विकत घेतली, कोणी चांगले कपडे किंवा दागिने घातले, कोणी नवरदेव घोड्यावरून मिरवला. एवढ्यावरून साऱ्या वस्तीची उपासमार. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला मात्र अशा गावात भांडण दिसत नाही. उलट बहिष्कार जितका कडक, तितके गाव शांत.

इंग्रज अधिकारी चार्ल्स मेटकाफ याने हिंदुस्थानातल्या खेड्यांचे गोडवे गायले होते. राजवटी आल्या, गेल्या, खेडी मात्र स्वयंपूर्ण आणि अभंग राहिली, असे त्याचे म्हणणे. आमचे गाववेडे पुढारी शंभर वर्षे तेच उगाळत राहिले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी मेटकाफचे वर्णन वाचून दाखवले आणि त्या गौरवाची हवा काढून टाकली. अनेकांना त्याचा राग आला, आजही येतो. पण मेटकाफला प्रवासात टांगा नाकारला गेला नव्हता, बाबासाहेबांना गेला होता. गावाबद्दल कोणाची साक्ष ग्राह्य धरायची, हे कोणत्याही न्यायाधीशाला विचारून पाहा.

ही गोष्ट केवळ आपल्या देशाची आहे असेही नाही. वर ज्या बाल्कन खेड्यांचा उल्लेख केला, त्यांच्या कडेला अनेक ठिकाणी रोमा लोकांची वस्ती असते. तिला तिकडे 'महाला' म्हणतात. शब्द आपल्या मोहल्ल्याचाच, तुर्कांबरोबर तिकडे गेलेला. हे रोमा लोक सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेलेल्यांचे वंशज आहेत. त्यांच्या भाषेत पाण्याला 'पानी', कानाला 'कान' आणि नाकाला 'नाख' म्हणतात. क्रोएशियाच्या उत्तरेला मेजिमुर्ये नावाचा सुपीक, टुमदार खेड्यांचा भाग आहे. तिथल्या गावच्या शाळांत रोमा मुलांचे वर्ग वेगळे भरवले जात. पंधरा जण न्यायालयात गेले, देशात हरले, आणि २०१० साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयात 'ऑर्शुश विरुद्ध क्रोएशिया' या खटल्यात जिंकले. तेही नऊ विरुद्ध आठ अशा एका मताच्या फरकाने! त्या खेड्यांतून जाणाऱ्या किती प्रवाशांनी शाळेच्या दारात उभे राहून वर्ग मोजले असतील? शेजारच्या हंगेरीत मात्र रोमा कार्यकर्त्यांनी बाबासाहेब वाचले, आणि शायोकाझा या गावात २००७ साली त्यांच्या नावाची शाळा काढली.

आता कायद्याकडे येऊ. १९३० साली गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी अल्पसंख्याक उपसमितीपुढे मागण्या मांडल्या, त्यांत बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, ही मागणी होती. मसुदा त्यांनी हवेतून आणला नव्हता. ब्रह्मदेशात १९२२ साली बहिष्कारविरोधी कायदा झाला होता, त्याच्याच धर्तीवर कलमे तयार केली. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने, ज्याला आज आपण नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतो, कलम ४ मध्ये सार्वजनिक वाहन नाकारणे हा गुन्हा ठरवला. म्हणजे चाळीसगावचा टांगा कायद्यात यायला २६ वर्षे लागली. त्याच कायद्याच्या कलम ७ मध्ये बहिष्काराची व्याख्या आहे आणि ती बाबासाहेबांच्या मसुद्याशी मिळतीजुळती आहे. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा स्पष्ट शब्दांत गुन्हा म्हणून आला. महाराष्ट्राचा स्वतंत्र सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा जुलै २०१७ पासून अमलात आहे. त्याचा रोख मुख्यतः जातपंचायतींवर आहे, ही गोष्ट वेगळी. कायदे कमी नाहीत. अडचण पुराव्याची आहे. जे घडलेच नाही, त्याचा पंचनामा करायचा कसा?

काही वर्षांपूर्वी धुळे जिल्ह्यातल्या एका गावातून बोलावणे आले. गावाचे नाव मीही लिहीत नाही, तिथल्या माणसांना तिथेच राहायचे आहे. आपल्या एका कुटुंबाने रीतसर खरेदीखत करून दोन एकर जमीन घेतली होती. आम्ही आधी पारावर गेलो. चहा आला. एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "आमना गावमा सगळं शांत शे, वकीलसाहेब. काही भानगड नही." ते खोटे बोलत होते असेही मला वाटत नाही. त्यांच्या बाजूने भानगड नव्हतीच. ज्यांना काही कमी पडले नव्हते, त्यांना शांततेशिवाय दुसरे काय दिसणार? पोलिसांचा माणूस येऊन गेला होता. त्यानेही गावात शांतता असल्याचा अहवाल दिला होता.

मग आम्ही वस्तीत गेलो. तिथे कोणी रडले नाही, भाषणही केले नाही. एक बाई एवढेच म्हणाल्या की, आम्ही दळण घेऊन गेलो की गिरणीचा पट्टा तुटलेला असतो. किराणा दुकानात गेले की साखर संपलेली असते. पेरणीला ट्रॅक्टर सांगितला तर त्याला वेळ नसतो. नव्या शेताच्या वाटेवर कोणी तरी बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या, कोणी ते कोणालाच माहीत नाही. डोक्यावर दळणाचा डबा घेऊन बायका तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावी जात होत्या. प्रत्येक गोष्टीला निमित्त तयार होते आणि प्रत्येक निमित्त सुटे सुटे घेतले तर खरे वाटावे असेच होते. पट्टे तुटतात. साखर संपते. ट्रॅक्टरवाल्याला कामे असतात.

मी आमच्या तरुण वकील मित्रांना आणि सुट्टीत गावे पाहायला जाणाऱ्या नव्या नोकरदार पिढीलाही हेच सांगतो की, गावात गेल्यावर देवळाच्या आधी गिरणी कुठे आहे ते विचारा. पाण्याची टाकी कोणाच्या दाराशी, आपल्या माणसांचे मसणवट कुठे आणि तिथे जायला वाट आहे का, ते पाहा. बसथांब्यावर कोण कोणाशेजारी उभे राहते, न्हावी कोणाची दाढी करतो. त्यासाठी पोलीस लागत नाही, अर्ज लागत नाही. १९२९ मध्ये बाबासाहेबांनी दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत हे काम केले होते.

त्या गावात आम्हाला पुरावा सापडला तो कागदांवर. माणसे बोलायला तयार नव्हती, पण त्या घरात दूध डेअरीचे कार्ड होते. रोज सकाळ-संध्याकाळचे लिटर त्यावर लिहिलेले. किराण्याची उधारीची वही होती, दुकानदाराच्याच हातची. पोराच्या शाळेच्या दप्तरात घरातल्या मजुरीचा हिशेब लिहिलेला होता, आठवड्याला किती दिवस, कोणाच्या शेतात. आम्ही तिन्ही कागद खाटेवर शेजारी शेजारी मांडले. खरेदीखताची नोंदणी सोमवारी झाली होती. डेअरीच्या कार्डावर गुरुवारी सकाळचे साडेतीन लिटर होते, पुढचे सगळे रकाने कोरे. उधारीच्या वहीत शेवटची नोंद बुधवारची, चहापत्ती आणि तेल. पोराच्या वहीत त्या आठवड्यात तीनच दिवस काम होते, त्यानंतर एकही नाही. आम्ही तिन्ही कागदांच्या झेरॉक्स काढल्या, कार्ड आणि वह्या जपून ठेवायला सांगितल्या आणि तक्रार नव्याने लिहिली. या वेळी ती उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे तपासाला गेली.

नोटिसा निघाल्यानंतर आठ दिवसांत गिरणीचा पट्टा दुरुस्त झाला. वस्तीतल्या बायका मात्र अजूनही दळण दुसऱ्याच गावाहून आणतात. मी कारण विचारले तेव्हा त्यातली एक म्हणाली, तिकडचा गिरणीवाला पीठ बारीक काढतो.