ओळीतले घर आणि एफएसआयचे गणित

जुनी वस्ती, नवे बांधकाम : भाग 5

भिंतीला भिंत लावून उभी राहिलेली घरांची ओळ बांधकामाच्या दृष्टीने एकच इमारत असते. मालक तेवढे वेगवेगळे असतात. दोन घरांमधली भिंत सामाईक. दोन्हीकडच्या तुळयांची टोके तिच्यात रुतलेली असतात आणि दोन्हीकडची छपरे तिला पावसापासून झाकतात. मराठवाड्यातल्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांमध्ये ही गोष्ट चांगली दिसते. तिथल्या डोंगरकडा या गावासारख्या ठिकाणी ओळीतले एक घर उतरवून तिथे आरसीसीचे घर बांधायचे ठरले, की शेजाऱ्याची मातीत बांधलेली भिंत उघडी पडते. तिला कधी गिलावा झालेला नसतो, कारण ती कधी बाहेरची भिंत नव्हतीच. एका पावसाळ्यात तिच्यातली माती सुटते, तुळईचे टोक भिजून कुजते आणि शेजारचे घरही 'धोकादायक' ठरते. ओळी मोडतात त्या अशा, एका घरामागून दुसरे घर.

गावात यामागे सोय असते आणि थोडी भीतीही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत दगडमातीची घरे कोसळून हजारो माणसे गेली. तेव्हापासून माळवदावरचा मराठवाड्याचा विश्वास उडाला, आणि तो का उडाला हे समजण्यासारखे आहे. शहरातले कारण मात्र निराळे. तिथे घर पडते ते जमिनीच्या भावामुळे, आणि हा भाव मुंबईच्या गिरगावातल्या खोताच्या वाडीत जेवढा स्पष्ट वाचता येतो तेवढा क्वचितच कुठे.

खोताची वाडी दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू जमीनदाराच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्या जमिनीवरचे भूखंड घेऊन प्रामुख्याने ईस्ट इंडियन कुटुंबांनी इथे घरे बांधली. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई, साष्टी, वसईचे मूळचे ख्रिस्ती, घरात मराठीची स्वतःची बोली बोलणारे. घरे एकमजली किंवा दुमजली. पुढे उघडा ओटा, बाहेरच्या अंगाने माडीवर जाणारा लाकडी जिना, कोरीव कठडे, वर मंगलोरी कौले. काही घरे सुटी आहेत, काही एकमेकांना खेटून. पण सगळ्यांची तोंडे गल्लीकडे, आणि गल्ली इतकी अरुंद की मोटार आत शिरत नाही. मासळीच्या जेवणासाठी नावाजलेली 'अनंताश्रम' ही खाणावळ याच वाडीत होती. तीही आता बंद झाली. वाडीत एकेकाळी पासष्टच्या आसपास जुनी घरे होती. आज त्यांपैकी निम्मीही उरलेली नाहीत.

हे का घडले ते एका हिशेबाने समजते. दोनशे चौरस मीटरचा भूखंड धरा. अर्ध्या जागेवर दुमजली घर, म्हणजे एकूण बांधकामही दोनशे चौरस मीटर. बांधकामाचे भूखंडाशी असलेले हे प्रमाण म्हणजे एफएसआय; इथे तो एक. त्याच भूखंडावर तीन एफएसआय मिळाला तर सहाशे चौरस मीटर बांधता येते. मधले चारशे चौरस मीटर आज अस्तित्वात नाहीत, पण दक्षिण मुंबईच्या दराने त्यांची किंमत असते, आणि घर उभे आहे तोवर ती हाती येत नाही. वारस पाच असतील, त्यातले तिघे परदेशी असतील, तर चर्चा फार लांबत नाही. घराच्या देखणेपणाला या हिशेबात रकाना नाही.

भाड्याच्या घरांचा प्रश्न याहून जुना आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने बहुतेक जुनी भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, मालकाला मात्र कौले शाकारण्याइतकेही उत्पन्न उरले नाही. इमारती ढासळू लागल्यावर 1969 मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला आणि दक्षिण व मध्य मुंबईतल्या 19 हजारांहून अधिक इमारतींवर उपकर बसला. पुढे विकास नियंत्रण नियमावलीतल्या 33(7) या कलमाने उपकरप्राप्त इमारती पाडून बांधणाऱ्याला वाढीव एफएसआय देऊ केला. म्हणजे दुरुस्ती परवडू नये याची सोय एका कायद्याने केली आणि पाडणे किफायतशीर व्हावे याची दुसऱ्याने. दोन्हींचा हेतू चांगला होता, परिणाम मात्र व्हायचा तोच झाला. मलेशियातल्या पेनांग बेटावरील जॉर्ज टाऊनमध्ये याची उलट बाजू दिसली. तिथले भाडे नियंत्रण 2000 च्या आरंभी संपले. तोवर स्वस्त भाड्यामुळे टिकलेल्या दुकान-घरांच्या ओळींतून जुने भाडेकरू निघून गेले. शहर 2008 मध्ये युनेस्कोच्या यादीत आले खरे, पण घरे वाचवताना त्यांतली माणसे वाचवता आली नाहीत.

मुंबईने वारसा नियम 1995 मध्ये केले; भारतातले ते पहिले. इमारतींना तीन श्रेणी देण्यात आल्या आणि एकेका इमारतीशिवाय संपूर्ण परिसरही यादीत घेण्याची सोय झाली. ओळीतल्या घरांसाठी ही दुसरी सोय अधिक मोलाची आहे. माझगावच्या माथारपाखाडीतले एखादे घर वेगळे काढून पाहिले तर श्रेणी एकमध्ये बसणार नाही. टिळकांचे सहकारी आणि पुढे मुंबईचे महापौर झालेले काका बॅप्टिस्टा तिथे राहत, हे खरे; पण पाखाडीचे महत्त्व त्या एका घरात नसून तिच्या सलग गल्ल्यांत आहे. मधली दोन घरे जाऊन तिथे पार्किंगचे मजले आले, की उरलेल्या घरांची श्रेणी कागदावर तीच राहते आणि परिसर संपलेला असतो.

नुसती मनाई मालकाला शत्रू बनवते, हा अनुभव सगळीकडचा. म्हणून हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, हे साधन महत्त्वाचे ठरते. वर सांगितलेले चारशे चौरस मीटर मालकाने आपल्या भूखंडावर बांधायचे नाहीत. त्यांचा हक्क प्रमाणपत्राच्या रूपाने दुसऱ्याला विकायचा आणि ते बांधकाम शहरात दुसरीकडे व्हायचे. अहमदाबादच्या पोळींमध्ये हे करून पाहिले गेले. पोळ म्हणजे सामाईक भिंतींच्या, आत चौक आणि चौकाखाली पावसाच्या पाण्याचे टाके असलेल्या घरांची वस्ती. तिथल्या वारसा घरांच्या मालकांना टीडीआर मिळाला आणि विक्रीतून दुरुस्तीला पैसा आला. 2017 मध्ये अहमदाबादचे जुने शहर जागतिक वारसा यादीत गेले. टीडीआरचा बाजारभाव पडला की ही योजना लंगडते, हेही खरे.

पैसा मिळाला तरी दुरुस्ती नीट होईल असे नाही. सर्वाधिक नुकसान सिमेंट करते. चुन्यात किंवा मातीत बांधलेली भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, विटा भुसभुशीत होतात आणि लाकूड आतून सडते. चुना घाणीत मळून, मुरवून वापरावा लागतो. तुळई कुजते ती बहुधा भिंतीतल्या टोकाशी. ते टोक कापून नव्या सागवानाचा तुकडा सांध्याने जोडता येतो, अख्खी तुळई बदलावी लागत नाही. मात्र हे काम जाणणारे सुतार आणि गवंडी कमी होत आहेत, आणि ठेकेदाराच्या दरपत्रकात अशा सांध्याची ओळ सहसा नसते.

मुंबई वगळता महाराष्ट्राच्या बहुतेक भागासाठी 2020 मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यातही वारसा जतनाची तरतूद आहे, पण तिचा आधार स्थानिक यादी हाच आहे. जिथे अशी यादी तयार झालेली नाही, तिथे शंभर वर्षांची ओळ पाडण्याचा अर्ज इतर कोणत्याही बांधकामाच्या अर्जासारखाच मंजूर होतो.