नोकरीचा शोध सुरू करावा तरी कधी?

उन्हाळ्यात विद्यापीठाच्या परीक्षा संपतात, पुढे निकाल लागतात आणि मराठवाड्यातील हजारो घरांमध्ये एकच प्रश्न विचारला जाऊ लागतो, 'आता पुढे काय?' वास्तविक हा प्रश्न किमान दीड वर्ष आधी विचारला जायला हवा. परंतु 'आधी शिक्षण पूर्ण होऊ दे, मग नोकरीचे पाहू' ही धारणा आपल्याकडे इतकी घट्ट रुजली आहे की, शिकत असताना नोकरीची चौकशी करणारा मुलगा अभ्यासावरून लक्ष उडालेला ठरतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ मध्ये झाली. आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. येथील अनेक विद्यार्थी आपल्या घरातील पहिलेच पदवीधर असतात. पदवीचे मोल घरच्यांना ठाऊक असते. पदवीपासून नोकरीपर्यंतची वाट दाखवणारे मात्र घरात कोणी नसते. दुसरीकडे, याच शहराच्या भोवती चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा आणि आता बिडकीन अशा औद्योगिक वसाहतींचे कडे आहे. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्यामागून सुट्या भागांच्या लघुउद्योगांची रांगच उभी राहिली. तरीही पदवी घेतलेला तरुण बहुधा पुण्याची बस पकडतो. शेजारच्या वसाहतीत कोणते काम असते, ते कोणाला मिळते आणि त्यासाठी कोणाला भेटावे लागते, हे त्याला तीन-चार वर्षांत कोणी सांगितलेलेच नसते.

शोध कधी सुरू करावा, याचे उत्तर सर्वांसाठी सारखे नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे वेळापत्रक तुलनेने ठरलेले आहे. मोठ्या कंपन्यांच्या परिसर मुलाखतींचा हंगाम साधारणपणे सातव्या सत्राच्या आरंभी, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतो. त्या वेळी कंपनीच्या हाती असतात ते सहाव्या सत्रापर्यंतचे गुण. दहावीपासून सर्व परीक्षांत साठ टक्के आणि एकही विषय राहिलेला नको, अशी अट अनेक कंपन्या घालतात. म्हणजेच शेवटच्या वर्षी जोर लावून जुने गुण भरून काढण्याचा मार्ग येथे बंद असतो. लेखी चाचणी, संगणकाच्या भाषा आणि इंग्रजी संभाषण यांची तयारी पाचव्या सत्रात सुरू झाली, तरच ती वेळेवर पूर्ण होते. 'गेट' परीक्षेलाही आता तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी बसू शकतो आणि तिचे गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात, ही सवलत अनेकांना ठाऊकही नसते.

खरा प्रश्न आहे तो कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांचा. यातील बहुतेक महाविद्यालयांत कंपन्या फारशा फिरकत नाहीत. या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या वर्षाची उन्हाळी सुट्टी हीच सुरुवात मानावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिले वर्ष विषयांशी जुळवून घेण्यात जाते आणि तिसऱ्या वर्षी हाती काही उरत नाही. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत सनदी लेखापालाच्या कार्यालयात, औषध कंपनीच्या वितरकाकडे, एखाद्या कारखान्याच्या भांडार किंवा लेखा विभागात सहा आठवडे जरी काढले, तरी खतावणी, मालाची आवक-जावक किंवा वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे ही प्रत्यक्षात कशी असतात, ते कळते. पर्यटनाकडे वळू इच्छिणाऱ्यांनी तर हंगामाचे गणित लक्षात ठेवावे. अजिंठा-वेरूळचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च असा चालतो. हॉटेले आणि प्रवासी संस्थांचे दार त्याआधी, पावसाळ्यातच ठोठावावे लागते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कार्य प्रशिक्षणाला श्रेयांक देण्यात आले आहेत. ही मोठीच संधी आहे. मात्र ओळखीच्या दुकानदाराचे प्रमाणपत्र आणून श्रेयांक पदरात पाडून घेण्याची पळवाटही तिच्यासोबतच आली आहे. प्रमाणपत्र फायलीत राहते आणि मुलाखतीत 'तेथे तुम्ही नेमके काय केले?' या पहिल्याच प्रश्नाला विद्यार्थी गप्प होतो. महाविद्यालयाने चांगली जागा मिळवून द्यावी हे खरे. पण ती न मिळाल्यास विद्यार्थ्याने स्वतः शोधावी. सरकारी योजनांवर या टप्प्यात विसंबून चालत नाही. २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काय किंवा त्याच वर्षीची पंतप्रधान इंटर्नशिप योजना काय, दोन्हींच्या अटींनी पूर्णवेळ शिक्षण चालू असलेल्यांना बाहेरच ठेवले होते.

पदवीनंतरच्या पहिल्या पायरीसाठी मात्र एक जुना कायदा अत्यंत उपयोगी आहे, तो म्हणजे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा. शिकाऊ उमेदवार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आयटीआयचा विद्यार्थी येतो. प्रत्यक्षात १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवी व पदविकाधारक या कायद्यात आले आणि २०१४ च्या दुरुस्तीने कला-वाणिज्यासह इतर पदवीधरांनाही दार खुले झाले. तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांनी अडीच ते पंधरा टक्क्यांपर्यंत शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असे २०१९ च्या नियमांनी बंधनकारक केले. पदवीधरासाठी किमान विद्यावेतन त्या वेळी दरमहा ९ हजार रुपये ठरवण्यात आले. रक्कम मोठी नाही आणि वर्षाअखेर कायम करण्याचे बंधनही कंपनीवर नसते. तरीही वर्षभर डोळ्यांसमोर काम केलेला तरुण आणि टपालाने आलेला अर्ज यांत निवड करायची वेळ आली, तर व्यवस्थापक कोणाकडे झुकेल, हे सांगायला नको. वाळूज-शेंद्र्यातील मध्यम कारखान्यांची दारे अशा रीतीनेच उघडतात. म्हणून राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेच्या संकेतस्थळावर कोणत्या कंपन्या जागा भरतात, याची पाहणी अंतिम वर्षातच करून ठेवावी.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने येथे वाहननिर्मिती प्रकल्पासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला, तेव्हा आता घरोघरी नोकऱ्या येणार अशी चर्चा शहरात सुरू झाली. करार, जमीन, बांधकाम, यंत्रसामग्री आणि मग भरती असा हा क्रम असतो. त्यात वर्षे जातात. शिवाय एकाच कंपनीकडे डोळे लावून बसण्याची किंमत या शहराने मोजलेली आहे. पैठण रस्त्यावरील चितेगावच्या व्हिडिओकॉनमध्ये चिकटणे हे एकेकाळी येथील पदविकाधारकांचे स्वप्न होते. २०१८ मध्ये त्या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. कंपनीपेक्षा कामाचा प्रकार निवडावा. गुणवत्ता नियंत्रण, साचे व हत्यारे किंवा औषधांची प्रयोगशाळा यांपैकी एखादे काम अंगवळणी पडले की ते दुसऱ्या कारखान्यातही उपयोगी पडते.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचे वेळापत्रक वेगळे. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेला पदवीच्या अंतिम वर्षाचा विद्यार्थी बसू शकतो. बँकांच्या भरतीत मात्र जाहिरातीत नमूद केलेल्या तारखेपर्यंत निकाल जाहीर झालेला असावा लागतो. निकाल दोन आठवडे लांबला, तर त्या वर्षीची संधी हुकते. तेव्हा प्रत्येक जाहिरातीतील 'पात्रता दिनांक' आधी वाचावा, अभ्यासक्रम नंतर.

अर्जाबाबत थोडेसे. एकच परिचयपत्र शंभर ठिकाणी पाठवण्यापेक्षा दहा कंपन्यांची माहिती काढून प्रत्येकासाठी ते बदलून लिहावे. आवडीनिवडींच्या लांबलचक याद्या गाळून केलेल्या कामाचे चार नेमके तपशील द्यावेत. आपल्याच महाविद्यालयातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांची नावे प्राध्यापकांकडून मिळवावीत व त्यांना भेटावे. याला वशिला समजून संकोच करणारे विद्यार्थी आजही आढळतात. रिकाम्या जागेची माहिती विचारणे हा वशिला नव्हे. लघुउद्योगांतील कित्येक जागा जाहिरातीविनाच भरल्या जातात. इंग्रजीच्या भीतीने थांबलेल्यांनी निदान स्वतःचे काम पाच मिनिटे इंग्रजीत सांगण्याचा सराव करावा. कारखान्याच्या मुलाखतीत पुढचे बरेचसे बोलणे मराठी-हिंदीतच होते.

निकालाच्या सुमारास फसवणुकीचे प्रकारही वाढतात. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण अनामत किंवा गणवेशाचे पैसे आधी भरा, नेमणूकपत्र लगेच मिळेल, असे सांगणारा कोणीही असो, त्याला नकार द्यावा. निवडीसाठी उमेदवाराकडून पैसे घेण्याची पद्धत प्रतिष्ठित कंपन्यांत नाही. नेमणूकपत्र हाती आल्यावर ते कंपनीचे आहे की मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराचे, हे शिक्का आणि सहीवरून पाहावे. भविष्य निर्वाह निधी कोणाच्या नावे भरला जाणार, तेही तेव्हाच विचारून घ्यावे.

अंतिम वर्षाच्या दिवाळीपर्यंत कागदपत्रांची फाईलही तयार असावी. सर्व गुणपत्रके, आधार आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरील नावाचे स्पेलिंग सारखे आहे का, ते तपासावे. आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांनी जातवैधता आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत पाहून ठेवावी. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी ओबीसी प्रमाणपत्राचा नमुना वेगळा असतो. तो तहसील कार्यालयातून मिळवण्यास वेळ लागतो आणि अर्जाची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही.