जुडीतली उरलेली मेथी

चाकणच्या बाजारात मेथी-कोथिंबिरीचा भाव शेकडा जुड्यांवर ठरतो आणि गल्लीतल्या हातगाडीवर तीच भाजी जुडीने मिळते. स्वयंपाकघराला मात्र पुष्कळदा अख्खी जुडी नको असते. पोह्यांवर घालायला कोथिंबिरीच्या चार काड्या लागतात, वरणात टाकायला मूठभर मेथी पुरते. उरलेली जुडी फ्रिजमध्ये जाते आणि काळी, बुळबुळीत होऊन घंटागाडीत पडते. विकत मिळते ते माप आणि लागते ते माप यांतल्या या अंतरामुळे घरात बरीच भाजी वाया जाते. कुंडीतली भाजी नेमकी इथेच उपयोगी पडते.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात हे अंतर जास्तच जाणवते. इथल्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. मग आठवड्याची भाजी त्याच दिवशी एकदम घेतली जाते. पुढे कधी सेकंड शिफ्ट, कधी ओव्हरटाइम, दुपारचे जेवण कंपनीच्या कॅन्टीनमध्ये. घरी किती जण जेवतील याचा अंदाज रोज चुकतो आणि गुरुवारची मेथी रविवारपर्यंत पिवळी पडते.

ती इतक्या लवकर का खराब होते, ते समजून घेऊ. पाने तोडल्यावरही जिवंत असतात. त्यांचा श्वसनव्यापार चालू राहतो, साठवलेली साखर खर्च होते, पानांतून पाणी उडते. मुळांकडून मिळणारा पुरवठा मात्र थांबलेला असतो. फ्रिजमधल्या गारव्याने हा वेग कमी होतो, थांबत नाही. त्यात ओली भाजी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली की आत पाणी साचते आणि जिवाणू पाने कुजवतात. कुंडीतल्या पानांना मुळांचे पाणी मिळत राहते, म्हणून ती आज लागली नाहीत तर उद्या, परवा काढता येतात.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमध्ये माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते असा अंदाज दिला आहे. चौघांच्या घरात ते २२० किलो होते. या आकड्यात साली, देठ, बियाही धरलेल्या आहेत. म्हणून घरातल्या ओल्या कचऱ्याकडे बघताना त्याचे दोन भाग करावेत: खाता आले असते पण फेकले ते, आणि मुळातच खाण्याजोगे नव्हते ते. पहिल्या भागावर उपाय पेरणीचा, दुसऱ्यावर खताचा. बागकामाच्या बहुतेक सल्ल्यांत खतावरच भर असतो. मला पहिला भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण जुडी खतात गेली तरी ती पिकवायला लागलेले पाणी, मजुरी आणि टेम्पोचे डिझेल वायाच गेलेले असते.

तेव्हा बियाणे आणण्याआधी आठवडाभर कचऱ्याची बादली पाहावी. त्यात जे पुन्हा पुन्हा सापडेल, तेच लावावे. बहुतेक घरांत ती नावे कोथिंबीर, मेथी, पुदिना, कढीपत्ता, पालक अशीच निघतील. टोमॅटो, वांगी, दुधी लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण त्यांना सहा तास तरी ऊन आणि मोठी कुंडी हवी, शिवाय टोमॅटो तसाही फ्रिजमध्ये बरा टिकतो. कांदे-बटाटे बाजारातूनच घ्यावेत. खेड तालुक्यातला शेतकरी ते आपल्या बाल्कनीपेक्षा कितीतरी चांगले पिकवतो.

मेथी सर्वांत सोपी. मसाल्याच्या डब्यातले दाणे रात्रभर भिजवून, पंधरा सेंटिमीटर खोलीच्या पसरट कुंडीत पेरले की तीन-चार दिवसांत उगवतात आणि साधारण चार आठवड्यांत भाजी होते. यातली मेख पेरणीच्या अंतरात आहे. चार ट्रे घ्यावेत आणि आठवड्याला एकच पेरावा. चौथा पेरल्यावर आठवड्याभरात पहिला काढणीला येतो आणि पुढे दर आठवड्याला एक ट्रे हाताशी राहतो. चारही एकाच दिवशी पेरले तर चारही एकदम तयार होतात आणि जुडीचीच अडचण घरात उगवते. पालकाची बाहेरची पाने खुडत गेले तर आतून नवी येत राहतात. पुदिन्याच्या आणलेल्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्याभरात मुळे फुटतात. कोथिंबिरीचे धणे हलके रगडून दोन फाकळ्या कराव्यात. ते उगवायला दहा-बारा दिवस लागू शकतात, आणि एप्रिल-मेच्या उन्हात झाड लवकर फुलावर जाते. तेव्हा हिरव्या जाळीची सावली द्यावी. कोंब आलेला लसूण फेकू नये. पाकळ्या मातीत टोचल्या की पात मिळते.

कुंडी कसलीही चालते, पण या पट्ट्यात एक काळजी जरूर घ्यावी. भंगारवाल्याकडे कारखान्यांतून आलेले ड्रम आणि बादल्या स्वस्तात मिळतात. ज्यात कूलंट, तेल, रंग किंवा रसायन होते, त्यात खायची भाजी लावू नये, कितीही धुतले तरी. तेलाचे रिकामे डबे घ्यायचे तर खाद्यतेलाचे घ्यावेत. कुठल्याही भांड्याच्या तळाला पाणी निचरायला भोके हवीतच.

पाण्याचाही विचार करायला हवा. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येते. तांदूळ-डाळ, भाज्या धुतलेले पाणी वेगळे ठेवले तर पालेभाज्यांच्या पाच-सहा कुंड्यांना ते बऱ्यापैकी पुरते. मीठ घातलेले उकडीचे पाणी मात्र कुंडीत ओतू नये. मीठ मातीत साचते आणि मुळांना पाणी घेणे अवघड होते.

आता साली-देठांकडे. एका बादलीला तळाशी आणि बाजूंनी भोके पाडावीत. खाली वाळका पाला, त्यावर चिरलेल्या साली, त्यावर पुन्हा पाला, असे थर द्यावेत. पाला आकारमानाने सालींच्या दुप्पट असावा. सालींत पाणी आणि नत्र भरपूर, पाल्यात कर्ब भरपूर. साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र मिळाले की जिवाणूंचे काम नीट चालते. निगडी-प्राधिकरणात झाडांखाली पाला मुबलक. जिथे झाडे नाहीत तिथे रसवंतीवरची चिपाडे वाळवून, बारीक करून घालावीत. प्लायवूडचा भुसा नको, त्यात चिकटद्रव्ये असतात. सुरुवातीला मूठभर जुने शेणखत विरजण म्हणून टाकावे. मिश्रण मुठीत दाबले तर ओल जाणवावी, पाणी ठिबकू नये. वास आला तर हवा कमी आणि पाणी जास्त झाले आहे असे समजून पाला घालावा, ढवळावे. पावसाळ्यात जाड, करड्या अळ्या दिसतात; त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात, कचरा झपाट्याने फस्त करतात आणि झाडांना इजा करत नाहीत. दीड-दोन महिन्यांत काळे, मातीचा वास येणारे खत तयार होते. मेथी काढलेल्या ट्रेमध्ये पुढच्या पेरणीआधी तेच मिसळायचे.

हाच ओला कचरा कचरा डेपोतल्या ढिगाखाली दबला तर तिथे हवा पोहोचत नाही आणि कुजताना मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. मोशीत पिंपरी-चिंचवड महापालिकेचा कचऱ्यापासून वीज बनवणारा प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाला. पण पाण्याने भरलेल्या साली जाळून वीज फारशी मिळत नाही. आधी ते पाणी उडवण्यातच उष्णता खर्च होते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांवर ओला कचरा शक्यतो जागीच जिरवण्याची जबाबदारी टाकली, ती यासाठीच.

मोठ्या प्रमाणावर हे जमते का, याचे उत्तर मुंबईत आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज सुमारे ३००० कर्मचाऱ्यांचे जेवण होत असे. तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये त्याच इमारतीच्या गच्चीवर, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडे वाढवायला सुरुवात केली. डॉ. रमेश दोशी यांचे शहरी शेतीचे प्रयोग आणि कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांची प्रयोग परिवाराची शिकवण त्यामागे होती. चाकण, भोसरी, तळेगावच्या कारखान्यांत कॅन्टीन आहेत, मोकळ्या जागा आहेत, माळीही आहेत. तिथे हे सुरू व्हावे असे मला मनापासून वाटते.

उरलेला भात, आमटी किंवा मटणाची हाडे यांवर कुंडीचा उपाय चालत नाही. तेलकट, शिजलेले अन्न बादलीत टाकले की दुर्गंधी आणि उंदीर येतात. त्यासाठी भातच मोजून लावावा, आणि उरलाच तर सकाळी फोडणी द्यावी.