मूल आजारी पडले तर : जुलाब थांबवायची घाई

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) रुग्ण वाढले आणि दूषित पाण्यातून पोटात जाणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूंकडे बोट दाखवले गेले. तेव्हापासून मुलाला दोनदा पातळ शी झाली की पुणेकर आईबाप धास्तावतात आणि औषधाच्या दुकानात जुलाब बंद करणारी गोळी मागतात. ही मागणीच मुळात चुकीची आहे. बहुतेक मुलांचे जुलाब काही दिवसांत आपोआप थांबतात. जीव धोक्यात येतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. अँटिबायोटिकचाही आग्रह नको, कारण लहानांचे जुलाब बहुधा विषाणूंमुळे होतात.

पाणी भरून काढणे पुरेसे ठरते, याचा पुरावा जुना आहे. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोड्याचे द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांकरवीच पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. जुलाब चालू असतानाही आतडे ग्लुकोजच्या जोडीने सोडियम शोषते आणि त्यामागोमाग पाणी आत जाते. म्हणून सगळा भर प्रमाणावर. ओआरएसची, म्हणजे अशाच क्षार-साखरेच्या द्रावणाची, लिटरभर पाण्यासाठीची पुडी अंदाजाने पेलाभर पाण्यात ढवळली तर मीठ घातक ठरते. उलट खोक्यातल्या गोड पेयातली जादा साखर आतड्यात पाणी खेचून जुलाब वाढवते. ठरलेल्या सूत्रात न बसणाऱ्या अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली. फार उशिरा केली, असेच म्हणावे लागेल.

‘ओआरएस पाजूनही शी थांबत नाही’ ही तक्रार खरी आहे, पण त्याचे ते कामच नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला त्याच्या दुप्पट, एवढे पोटात गेले की झाले. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पाजावे. पाण्याचीच धास्ती असेल तर ते आधी उकळून गार करावे, मग पुडी घालावी. चोवीस तासांनी उरलेले फेकून द्यावे. पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवण्याची आपली जुनी रीत मात्र सोडायला हवी, कारण आतड्याचे अस्तर भरून यायला अन्नच लागते. अंगावरचे दूध चालू ठेवावे, मोठ्याला मऊ भात, मुगाचे वरण, दही, केळे द्यावे. झिंक डॉक्टरांना विचारून चौदा दिवस द्यावे, जुलाब आधी थांबले तरीही.

शीमध्ये रक्त दिसले, डोळे खोल गेले, मूल सुस्तावले, काहीच पीत नसेल किंवा सहा-आठ तास लघवी झाली नसेल तर घरी थांबू नका. जुलाबानंतरच्या काही आठवड्यांत पाय लटपटू लागले किंवा मुंग्या आल्या, तर ती जीबीएसची सुरुवात असू शकते; त्याच दिवशी रुग्णालय गाठा.