मुळांना हवा कोण घालतं?

पानं श्वास घेतात हे शाळेत शिकलात. पण मुळंही घेतात बरं का! त्यांना ऑक्सिजन लागतो, आणि तो मातीतूनच मिळवावा लागतो. चांगल्या मातीत साधारण निम्मी जागा कणांची असते. उरलेल्या निम्म्यात पाणी आणि हवा दाटीवाटीने राहतात. माती दाबली गेली की आधी हाकलली जाते ती हवा.

गोल्फच्या मैदानावर ही पंचाईत रोजची. चेंडू शेवटी ज्या खळग्यात घालायचा, त्याच्या भोवतीच्या हिरवळीला ‘ग्रीन’ म्हणतात. तिथलं गवत जेमतेम ३-४ मिलिमीटर उंच ठेवतात. उष्ण देशांत हे गवत पुष्कळ ठिकाणी कोणतं असतं, ठाऊक आहे? आपली हरळी! गणपतीला दूर्वा वाहतो ना, तीच; फक्त तिची बुटकी संकरित जात. लासूर स्टेशन या गावाच्या कपाशीत हरळी शिरली तर शेतकरी कपाळाला हात लावतो, कारण एक पेर मातीत राहिलं तरी ती पुन्हा फुटते. तिकडे मात्र तिचे केवढे लाड! खेळाडूंच्या पायांनी माती घट्ट झाली, की पोकळ दातांचं यंत्र फिरवून मातीच्या बोटभर गुल्ल्या उपसतात आणि भोकांत वाळू भरतात. काही दिवस ग्रीनची चाळणी होते, चेंडू वेडावाकडा पळतो, खेळाडू कुरकुरतात. कुरकुरू देत!

लासूरच्या काळ्या मातीला असलं यंत्र लागतच नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा खडक झिजून ही माती झाली. तिच्यातली माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. म्हणून एप्रिल-मेमध्ये रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचा भुगा त्यांत घसरतो आणि माती आपली आपणच खालीवर होते.

पावसाळ्यात मात्र भेगा मिटतात, पाणी साचतं. पाण्यातून ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश सरकतो. मग बुडाशी पाणी असूनही कपाशी पिवळी पडते, माना टाकते. शेतकरी वाफशाची वाट बघतो. जास्तीचं पाणी निचरलं, हवा परत आत शिरली, चिखल पायाला चिकटेनासा झाला, की वाफसा आला! आता कोळपं चालवायचं. तण जातं आणि वरचा कडक थरही फुटतो. घाई करून ओल्यातच ट्रॅक्टर घातला, तर माती उलट आणखी दबते.

माती दबली की तिच्यातली पोकळी कमी होते, याचं खरं-खोटं करायचंय? मोठ्यांकडून पत्र्याच्या डब्याची दोन्ही तोंडं कापून घ्या. डबा आधी पायवाटेवर आणि मग कोळपलेल्या रानात दोन बोटं रोवा. दर वेळी पेलाभर पाणी ओता आणि ते जिरायला किती वेळ लागतो, घड्याळात बघा. फक्त भेगेवर रोवू नका. घड्याळाकडे बघेपर्यंत पाणी गायब!